फास, कडुनिंब आणि कवितेचा साचा

१७२२ साली बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात सोळा वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिननं एका काल्पनिक विधवेच्या नावाआड राहून शोकगीताची पाककृती छापली. शेजारपाजारचा एखादा मयत घ्या, अचानक गेलेला असला तर उत्तम. त्याचे सद्गुण घाला, कमी पडले तर दुसऱ्याचे उसने आणा, वरून मूठभर उसासे. न्यू इंग्लंडच्या प्युरिटन वस्त्यांत मरणावर इतकं पद्य रचलं जात होतं की पोरसवदा फ्रँकलिनला टिंगल सुचली.

यवतमाळ जिल्ह्यातल्या कविसंमेलनांत बसलं की ही पाककृती हटकून आठवते. इथलं सामान वेगळं: बांधावरचा कडुनिंब, दोर, एन्ड्रीन या कीटकनाशकाचा डबा, बँकेची नोटीस, लग्नाची पोर, दगाबाज पाऊस. शेवटी विठ्ठलाला एक टोमणा, की टाळी पडलीच. दुःख खोटं आहे असं कोण म्हणेल? १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको आणि चार मुलांसह जीवन संपवलं. शेतकरी आत्महत्येची पहिली जाहीर नोंद म्हणून ती घटना सांगितली जाते. त्यानंतर जिल्ह्याच्या कवितेनं या विषयाकडे पाठ फिरवली असती तर तो करंटेपणा ठरला असता. तक्रार विषयाबद्दल नाही. कवी आता शेत बघत नाही, आधीच्या कविता बघतो, ही तक्रार आहे.

निसर्ग, मृत्यू आणि श्रद्धा या तिन्हींना एकाच कवितेत नांदवणं प्युरिटनांनाही सोपं नव्हतं. प्युरिटन कवयित्री ॲन ब्रॅडस्ट्रीटचं घर १६६६च्या जुलैमध्ये जळालं. त्यावरच्या कवितेत ती देवाचा न्याय मान्य करते, ज्यानं दिलं त्यानंच नेलं म्हणते. पण राखेजवळून जाताना नजर वळते ती पेटी कुठं होती, पेटारा कुठं होता तिकडे. या टेबलावर आता पाहुणे जेवणार नाहीत, हेही तिला दिसतं. शेवटी ती स्वर्गातल्या घराकडे वळते खरी, पण त्या वळण्याची किंमत आपल्याला कळलेली असते, कारण सामान तिनं मोजून दाखवलंय. एडवर्ड टेलर हा वेस्टफिल्डचा पाद्री. त्याच्या कवितांचं हस्तलिखित १९३७ मध्ये उजेडात आलं. तो देवाला म्हणतो, मला तुझा चरखा कर, माग कर. कापूस पिकवणाऱ्या मुलखात ही प्रार्थना समजावून सांगावी लागू नये.

ही वस्तूंवरची नजर आपल्याकडे होती. दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबचे शंकर बडे हे तिचं ठसठशीत उदाहरण. ‘इरवा’, ‘सगुन’ हे संग्रह आणि ‘बॅरिस्टर गुलब्या’ हा एकपात्री प्रयोग यांतून त्यांनी वऱ्हाडी बोली व्यासपीठावर आणली. २०१६ मध्ये ते गेले. कहर माजवणाऱ्या पावसावरची त्यांची कविता ऐकताना सभागृह आधी हसतं, मग हसण्याचं ओझं व्हायला लागतं. त्यात पाऊस देव नाही, वैरीही नाही. घरात घुसलेला पाऊस आहे. बडे कधीकधी हशासाठी कविता लांबवत, हा दोष मान्यच. पण त्यांच्या कवितेतला माणूस मरायच्या आधी जगलेला असतो. साच्यातल्या कवितेत तो पहिल्याच कडव्यात झाडाखाली उभा असतो, त्याला ना सवयी, ना खोडी.

श्रद्धेचं तर आणखी अवघड. समीक्षेनं कधी मोजली नाही अशी एक कविता इथल्या गावोगावी रोज गायली जाते: तुकडोजी महाराजांची भजनं, खंजिरीच्या ठेक्यावर. तेरवीलाही तीच. ‘ग्रामगीता’ वाचणाऱ्या गावात देव म्हणजे नुसता टोमणा मारायचं ठिकाण नव्हे, हे नव्या कवीला ठाऊक असतं. कवितेत मात्र ते येत नाही. रागावलेली श्रद्धा आणि सोयीची अश्रद्धा यांतला फरक भजनातल्या म्हातारीला कळतो, मंचावरच्या निवेदकाला कळत नाही.

१९७३ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष गदिमा होते. २०१९ मध्ये संमेलन पुन्हा इथं भरलं. लेखिका नयनतारा सहगल यांचं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतल्याचा वाद पेटला आणि उद्घाटनाला उभ्या राहिल्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे. ‘तेरवं’ या नाटकात काम केलेल्या या शेतकरी बाईंनी पुनर्जन्मावर आपला विश्वास नाही, झगडायचं ते याच जन्मात, असं सांगितलं. प्युरिटन कवीचा सगळा आधार परलोकावर. इथं परलोकच नाकारून उभं राहणं आलं. त्या तीन दिवसांत कवितेच्या नावाखाली जे काही म्हटलं गेलं, त्यापेक्षा हे गद्य मला जास्त कवितेजवळचं वाटलं.

आणि त्याआधीचं २०१७. त्या पावसाळ्यात कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्याही वर गेली, अळी हटेना, फवारणी वाढली. डोक्याच्या उंचीवर फवारायचं म्हणजे औषधाचा तुषार थेट तोंडावर, नाकात. घामानं भिजलेला सदरा अंगाला चिकटलेला. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर जिल्ह्यात दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. हे मरण आत्महत्येच्या साच्यात बसत नाही. इथं दोर नाही, कडुनिंब नाही, चिठ्ठी नाही. ज्या पिकाला वाचवायचं त्याच्याच मधोमध, मजुरीवर असताना आलेलं मरण आहे. त्यावर लिहायचं तर पंपाचा पट्टा खांद्याला कुठं काचतो आणि दुपारनंतर डोळ्यांपुढं अंधारी कशी येते हे माहीत हवं. माझ्या वाचनात आलेल्या कवितांपैकी बहुतेकांनी त्या मजुराच्या हातातही विषाचा डबा देऊन त्याला आत्महत्येच्या रांगेत उभा केला.