वजन जुळले, पण भाग बनेल का?

सॉलिडवर्क्सच्या सीएसडब्ल्यूए परीक्षेत विद्यार्थी आकृतीवरून यंत्रभाग संगणकावर उभा करतो आणि त्याचे वस्तुमान ग्रॅममध्ये देतो. पुढच्या प्रश्नात काही मापे बदलतात. रचना विचारपूर्वक केली नसेल, तर मॉडेल तिथेच मोडते. ही युक्ती मला आवडते. पण वस्तुमानाला सारे कळत नाही. खाचेचा आतला उभा कोपरा अगदी काटकोनी ठेवला, तरी आकडा जुळू शकतो. मिलिंगचे कटर मात्र गोल. तसा कोपरा ते कापणार कसे? नुसते सराव-संच सोडवून हा प्रश्न पडत नाही. मुलांना आधी वहीत अंदाज करायला लावा: १००×५०×२० मिमीचा अॅल्युमिनियमचा ठोकळा, घनता २.७ ग्रॅम प्रति घनसेंमी, म्हणजे २७० ग्रॅम. मग वर्कशॉपमध्ये नेऊन तोच कोपरा कापायला सांगा.