उत्तरभागाचा अधिकार

मराठीत दीर्घ कथात्मक गद्याला ‘कादंबरी’ हे नाव ज्या ग्रंथावरून मिळाले तो ग्रंथ एका हाताने लिहिलेला नाही, ही गोष्ट कादंबरीचे टीकाकार सहसा विचारात घेत नाहीत. बाणभट्टाच्या निधनामुळे ‘कादंबरी’ मध्येच थांबली आणि तिचा उत्तरभाग त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने, लिहिला. उत्तरभागाच्या आरंभी त्याने आपल्या साहसाचे जे कारण दिले आहे ते मोठे मार्मिक आहे. कथा अपुरी राहिल्याने सज्जनांना झालेले दुःख पाहून आपण हे काम हाती घेतले, कवित्वाच्या दर्पाने नव्हे, असे तो सांगतो. तो बाणाचा पुत्र होता. वारसा सांगून मोकळा झाला असता तरी कोणी हरकत घेतली नसती. तरीही लिहिण्याचा अधिकार तो मागतो तो रसिकांच्या दुःखाच्या आधाराने. पुढे रसिकांनी त्याचा भाग बाणाच्या मानाने उणा ठरविला, पण वाचला, आणि मूळ ग्रंथापासून कधी तोडला नाही.

विज्ञानकथेच्या वाचकांत गेली तीसएक वर्षे जो वाद चालू आहे त्याच्या मुळाशी भूषणभट्टाचाच प्रश्न आहे. आयझॅक असिमॉव्ह १९९२ साली निवर्तला आणि १९९७ ते १९९९ या काळात ग्रेगरी बेनफर्ड, ग्रेग बेअर व डेव्हिड ब्रिन या तिघांनी त्याच्या ‘फाउंडेशन’ मालेत एकेक कादंबरी घातली. फ्रँक हर्बर्ट १९८६ साली गेला. त्याचा मुलगा ब्रायन आणि केव्हिन अँडरसन यांनी १९९९ पासून ‘ड्यून’चे इतके खंड लिहिले की त्या गर्दीत मूळचे सहा शोधावे लागतात. वेल्सच्या ‘टाइम मशीन’ला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९९५ साली, स्टीफन बॅक्स्टरने तिचा पुढचा भाग लिहिला. अशा प्रत्येक प्रसंगी वाचकांत दोन तट पडतात. एका पक्षाला ते विश्व इतके प्रिय झालेले असते की ते कोणीही पुढे न्यावे, पण बंद पडू देऊ नये, असे वाटते. दुसऱ्या पक्षाच्या मते लेखकाबरोबर त्याचे विश्वही संपते. मागाहून येते ती केवळ पेढीची पाटी. पहिला वाचक कथाविश्वाला भूप्रदेश मानतो, दुसरा हस्ताक्षर मानतो.

विज्ञानकथेच्याच बाबतीत हा वाद इतका का माजावा, याला कारण आहे. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’चा पुढचा भाग दुसऱ्या कोणी लिहावा ही कल्पनाच कोणाला सुचत नाही, कारण त्या कादंबरीतले जग चक्रधराच्या मनाबाहेर उभे राहत नाही. विज्ञानकथेचे विश्व मात्र काही गृहीतांवर उभे असते, आणि गृहीते ही लेखकाची खाजगी मालमत्ता नव्हे. मनुष्यसमूहांचे भविष्य गणिताने वर्तविता येते, एकट्या माणसाचे येत नाही, हे असिमॉव्हचे गृहीत एकदा मान्य केले की त्यातून निघणारी अनुमाने कोणालाही काढता आली पाहिजेत. भूमितीचे पुढचे प्रमेय युक्लिडनेच मांडावे असा हट्ट कोणी धरीत नाही. या दृष्टीने पाहिले तर नव्या लेखकाची बाजू बळकट दिसते.

पण बेनफर्डच्या वाट्याला जे आले ते पाहिले म्हणजे ही बाजू वाटते तितकी सरळ नाही हे ध्यानात येते. बेनफर्ड हा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. असिमॉव्हच्या कथांना आरंभ झाला १९४२ साली. त्यांतील याने अवकाशाबाहेरून एका झेपेत ताऱ्याकडून ताऱ्याकडे जातात. बेनफर्डने या विश्वात वर्महोलांचे जाळे आणले, व्हॉल्टेअर आणि जोन ऑफ आर्क यांची संगणकात जिवंत केलेली प्रतिरूपे आणली. आधुनिक विज्ञानाशी नाते सांगणारी ही सामग्री होती. तरीही पुष्कळ वाचकांना ती रुचली नाही. विज्ञानाचा अभिमान बाळगणाऱ्या वाचकाने नव्या विज्ञानाला नाक मुरडावे आणि जुन्या, भाबड्या झेपेला चिकटून राहावे, हे वरवर पाहता विपरीत आहे. त्याला कोणी सनातनीपणा म्हणेल. परंतु त्या नाराजीत एक खरी वाङ्मयीन जाणीव आहे. असिमॉव्हच्या विश्वात माणसे खोलीत बसून बोलतात. साम्राज्ये कोसळतात ती संवादांतून, युद्धे जिंकली जातात ती युक्तिवादाने, आणि यंत्रांचे वर्णन जेवढ्यास तेवढे असते. हा कोरडेपणा त्याच्या गृहीताचाच एक भाग आहे. व्यक्तीला मोजायचे नाही असे ठरविणाऱ्या शास्त्राची कथा अशाच आवाजात सांगितली जाऊ शकते. बेनफर्डने नियम पाळले आणि आवाज बदलला. वाचकाने तक्रार केली ती वर्महोलाविरुद्ध, कारण बोट ठेवता येण्याजोगे तेवढेच होते.

असिमॉव्ह स्वतःही या कचाट्यातून सुटला नव्हता. पहिले तीन खंड १९५३ पर्यंत निघाले. चौथा त्याने १९८२ साली लिहिला आणि पुढे आपल्या यंत्रमानवांच्या कथा या मालेशी सांधून टाकल्या. हा सांधा न आवडलेले वाचक आजही भेटतात. तीस वर्षांनंतर आपल्याच विश्वात परतणारा लेखक काही अंशी तिऱ्हाईत झालेला असतो. आर्थर क्लार्कचे उदाहरणही याच जातीचे. त्याच्या १९७३ च्या ‘रामा’ कादंबरीत एक अजस्र नळकांडे सूर्यमालेत येते, माणसे आत हिंडून येतात आणि ते नळकांडे मानवजातीची दखलही न घेता निघून जाते. १९८९ ते १९९३ या काळात जेंट्री ली याच्याबरोबर क्लार्कने तीन पुढचे भाग काढले. त्यांत रामाचा हेतू उलगडून सांगितला. मूळ लेखकाचे नाव मुखपृष्ठावर असूनही वाचक हिरमुसला. तेव्हा ‘नवा लेखक’ हा आक्षेपाचा खरा विषय नव्हे.

खरा विषय ‘ड्यून’च्या बाबतीत अधिक स्पष्ट होतो. हर्बर्टच्या मूळ कादंबरीत विचार करणाऱ्या यंत्रांविरुद्ध झालेल्या एका प्राचीन उठावाचा उल्लेख येतो. तो धर्माज्ञेसारखा येतो. तपशील नाहीत, नावे जवळजवळ नाहीत. दहा हजार वर्षांमागच्या गोष्टीची माणसाला जेवढी आठवण राहावी तेवढीच ती आहे, आणि म्हणून ती खरी वाटते. ब्रायन हर्बर्ट व अँडरसन यांनी २००२ पासून या उठावावर तीन जाडजूड कादंबऱ्या रचल्या. पुढे २००६ व २००७ साली, हर्बर्टने मागे ठेवलेल्या आराखड्याचा हवाला देऊन, त्यांनी मुख्य कथा पुरी केली. तिच्या अखेरीस पडद्याआडचा शत्रू म्हणून पुढे आली ती त्यांच्याच आधीच्या कादंबऱ्यांतील यंत्रे. भूषणभट्टाला अपुरेपण आयते मिळाले होते. कथेचा शेवट हर्बर्टच्या मृत्यूने अडलेला होता, त्याबद्दल वाचकाला हुरहूर होती आणि तेथे या दोघांना अधिकारही होता. उठावाबद्दल मात्र कोणाची हुरहूर नव्हती. तेथे त्यांनी अपुरेपण आधी निर्माण केले आणि मग ते भरून काढले. ज्या मौनावर मूळ कृतीचा डोलारा उभा होता त्याला पोकळी समजण्यात त्यांची वाङ्मयीन चूक आहे.

वाचकाच्या निवाड्यात नावाचा वाटा केवढा असतो हे ज्यूल व्हर्नच्या उदाहरणावरून कळते. व्हर्न १९०५ साली वारला. त्याच्या मागे निघालेल्या कादंबऱ्यांत मुलगा मिशेल याने भरपूर फेरफार केले होते, आणि मूळ हस्तलिखिते उजेडात आली ती १९७७-७८ च्या सुमारास. सुवर्णाच्या उल्केवरील कादंबरीत झेफिरँ झिर्दाल नावाचा एक विक्षिप्त संशोधक आहे. तो सर्वस्वी मिशेलचा. सत्तर वर्षे वाचक त्याला व्हर्नचे अपत्य समजून हसत होते. आता तो निराळ्या हाताचा आहे हे कळल्यावर त्याची गंमत कमी होते काय? काही अभ्यासकांची होते. आपल्याकडे एकनाथांचे ‘भावार्थरामायण’ युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायाशी थांबले आणि पुढचे गावबाने पूर्ण केले, हे सर्वांना ठाऊक असते. पारायण करणाऱ्यास त्याची अडचण वाटत नाही. तेथे कथा नाथांचीही नव्हती, हा फरक अर्थातच मोठा आहे.

भिलाईच्या मराठी वाचकाला या प्रश्नाचे आणखी एक उदाहरण अगदी अंगणात सापडते. दुर्ग आणि रायपूर हे जिल्हे १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होते. १९५५ च्या सोव्हिएत करारानंतर पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि भिलाईत सर्व प्रांतांची माणसे आली. येथल्या मराठी घराला हिंदी कथावाङ्मय परके नाही. देवकीनंदन खत्रींच्या ‘चंद्रकांता संतति’तील तिलिस्म हे बरेचसे यंत्रयुक्तीने चालते, मंत्राची जागा तेथे कळ, तार आणि तळघर यांनी घेतली आहे, म्हणून विज्ञानकथेच्या पूर्वेतिहासात त्याला स्थान द्यावयास हरकत नसावी. त्यातील भूतनाथाची जीवनी खत्रींनी स्वतंत्रपणे लिहावयास घेतली आणि सहा भाग लिहून १९१३ साली ते वारले. उरलेले भाग विशीच्या आतल्या दुर्गाप्रसादाने पुढे लिहून काढले. विशेष असे की हा दुर्गाप्रसाद पुढे ‘रक्तमंडल’, ‘सफेद शैतान’ यांसारख्या कादंबऱ्यांचा कर्ता झाला. त्यांत क्रांतिकारक आहेत आणि माणसे मारणारे किरण आहेत. हे सारे त्याच्या मनात असताना त्याने ते ‘भूतनाथ’मध्ये कोंबले नाही. वडिलांची ऐयारी वडिलांच्या चालीने चालविली आणि किरणांसाठी स्वतःची कादंबरी निराळी मांडली. बेनफर्डजवळ हा विवेक असता तर त्याच्या वर्महोलांचे स्वागत झाले असते.

मराठी विज्ञानकथेत मात्र असा उत्तरभाग जवळजवळ आढळत नाही. याचे कारण वाचकांच्या निष्ठेत शोधण्यापेक्षा प्रकाशनाच्या व्यवस्थेत शोधावे. नारळीकर, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांची विज्ञानकथा वाढली ती मुख्यतः मासिकांतून आणि दिवाळी अंकांतून. एका अंकात सुरू होऊन त्याच अंकात संपणारी कथा एक कल्पना घेते, तिची परिणती दाखविते आणि थांबते. वस्ती करण्याजोगे विश्व उभारावयास तिला सवड नसते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला बक्षीस मिळाले तेव्हा लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप असे होते. जयंत नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलटी करून ते घेतले होते. परीक्षकांनी निवाडा केला तो नावाशिवाय. कथा आखूड असली म्हणजे हे शक्य होते.

मराठीत विश्व राहिले ते कुमारकथेत. व्हर्नला मराठीत आणणाऱ्या भा. रा. भागवतांनीच फुरसुंगीचा बनेश फेणे निर्माण केला, आणि २०१७ साली चित्रपटाने तो नव्या हाती सोपविला. पटकथाकारांनी शाळकरी फास्टर फेणेला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यास आलेला तरुण केला. एवढे स्वातंत्र्य घेऊनही जुन्या वाचकांपैकी पुष्कळांनी तो आपला मानला. त्यांनी भागवतांनाच कथेत एक पात्र करून ठेवले होते. दिलीप प्रभावळकरांनी रंगविलेला हा वृद्ध लेखक फेणेला आपल्या घरी आश्रय देतो. ही युक्ती थोडी लाडिक आहे, पण पाहुणा कोण आणि यजमान कोण हे ती विसरत नाही.

नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. त्यांच्या कादंबऱ्यांपैकी ‘वामन परत न आला’ हीत उत्तरभागाला जागा आहे असे एखाद्या होतकरू लेखकास वाटणे स्वाभाविक आहे. उत्खननात सापडलेले लुप्त, प्रगत संस्कृतीचे ज्ञान, त्याच्या आधारे घडविलेला बुद्धिमान यंत्रमानव, आणि ती संस्कृती बुडाली कशी हा प्रश्न, ही सामग्री यंत्रबुद्धीच्या आजच्या दिवसांत मोह पाडणारी आहे. पण मराठी शीर्षकातला ‘न’ हा त्या कादंबरीचा शेवटचा शब्द आहे, आणि पुढे लिहू पाहणाऱ्यास पहिला मुकाबला त्याच्याशीच करावा लागेल. इंग्रजी आवृत्तीचे नाव ‘द रिटर्न ऑफ वामन’ असे असल्यामुळे तिच्या वाचकास हा अडथळा दिसणार नाही. तो वामनाची वाट पाहील. मराठी वाचक ती पाहत नाही.