मुद्रणकला आणि राजाश्रय : एका रूढ मताचें परीक्षण

मराठी मुद्रणाचा इतिहास सांगतांना एक विधान हटकून येतें. पेशवाईनें छापखान्यास वेळींच आश्रय दिला असता, तर ही कला आपल्याकडे कितीतरी आधीं रुजली असती, असें तें विधान. कै. अ. का. प्रियोळकर यांनीं इ. स. १९५८ च्या इंग्रजी ग्रंथांत या विषयाचीं साधनें एकत्र केलीं. तीं ताडून पाहतां हें मत टिकत नाहीं.

आश्रय मुळींच मिळाला नाहीं, असें नाहीं. पुणें दरबारचा इंग्रज वकील मॅलेट याच्यामुळें एक तांबट खोदकाम शिकला आणि नाना फडणिसांनीं गीता तांब्याच्या पत्र्यांवर खोदविण्याचें मनावर घेतलें. नाना १८०० सालीं वारले; गीता निघाली ती १८०५ सालीं, मिरजेस, पटवर्धनांच्या आश्रयानें. पण अक्षरें सुटीं नव्हतीं. दुसऱ्या पोथीस त्या पत्र्यांचा उपयोग शून्य. तंजावरास सरफोजीराजांनीं स्वतःचा छापखाना घातला, १८०६ सालीं इसापाच्या गोष्टींची 'बाळबोध मुक्तावलि' छापविली. हेतु उत्तम होता, परंतु त्यांतून छपाईचा धंदा उभा राहिला नाहीं.

आम्हां नागपूरकरांस याहून जवळचें उदाहरण आहे. रघूजी भोसल्यांची वंशावळी १८१५-१६ च्या सुमारास मोडी टाइपांत छापली गेली, ती बंगालमध्यें सेरामपुरास! भोसल्यांची गादी इकडे नांदत होती आणि त्यांचें कुळवृत्त तिकडे कंपनीच्या साहेबांस मराठी शिकविण्याच्या कामीं येत होतें. ती गरज सरली, आणि छापील मोडी महाराष्ट्रांत रुजलीच नाहीं.

रुजविलें तें गणपत कृष्णाजींनीं. १८३१ सालीं मुंबईस त्यांनीं शिळाछापावर पंचांग काढलें. पंचांगच कां, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. गीता एकदां घेतली कीं तीन पिढ्या पुरते. पंचांग दर पाडव्यास शिळें होतें. पुढें जावजी दादाजींनीं १८६४ सालीं टाइपांचा कारखाना व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला, तोही पंचांगाच्याच जोरावर. ज्या सुबक अक्षरांत आम्हीं काव्यमाला वाचली, तीं अक्षरें असल्या गिऱ्हाइकीनें घडविलीं.

सरकारचा वाटा मात्र नाकारतां येत नाहीं. मोल्सवर्थचा कोश (१८३१) सरकारी पैशावांचून निघता ना, आणि शाळापुस्तकांच्या मागणीनें अनेक छापखाने जगले. पण तेथें सरकार गिऱ्हाईक होतें, कारखानदार नव्हे. (गणपत कृष्णाजी व जावजी हे दोघेही अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत शिकले, हें आमच्या धर्माभिमान्यांस रुचत नाहीं, त्यास इलाज नाहीं.)

इ. स. २०२५ च्या अर्थसंकल्पांत एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठीं 'ज्ञानभारतम्' मोहीम जाहीर झाली, म्हणून हा भेद आज कामाचा आहे. पोथ्यांचीं चित्रें सरकार घेईल. मोडी वाचणारास काम कोण देणार?

ज्यांच्या दप्तरांत सेरामपुरी मोडी प्रत असेल, त्यांनीं तिजवरील मालकीचे शेरे, शिक्के व किंमत जशीच्या तशी उतरून मंडळाकडे पाठवावी. त्या प्रती मराठी घरांत कधीं शिरल्या, हें त्यावरूनच ठरेल.