टीजीआय ८६ आला म्हणजे रूळ ठणठणीत?

रुळांची तब्येत एकाच आकड्यात सांगता आली, तर देखभालीचं नियोजन किती सोपं होईल! भारतीय रेल्वेने त्यासाठी अनेक वर्षं टीजीआय, म्हणजे ट्रॅक जिओमेट्री इंडेक्स वापरला. रुळांवरून धावणाऱ्या गाडीच्या मोजणीतून चार निर्देशांक काढायचे: उंचसखलपणा, ट्विस्ट, गेज आणि अलाइनमेंट. मग त्यांची भारित सरासरी. दहापैकी ६ हिस्से अलाइनमेंटला, २ उंचसखलपणाला, ट्विस्ट आणि गेजला प्रत्येकी १. उत्तर ८० च्या वर असेल तर दुरुस्ती नको, ३६ च्या खाली असेल तर तातडीने काम.

माझा आक्षेप या हिश्श्यांवर आहे. समजा, चारही निर्देशांक ९० आहेत आणि एकटा ट्विस्ट घसरून ५० वर आला. टीजीआय किती? ८६! कागदावर सगळं आलबेल. पण ट्विस्ट म्हणजे थोड्याच अंतरात एका रुळाची पातळी दुसऱ्याच्या तुलनेत बदलणं. अशा जागी एखाद्या चाकावरचा भार कमी होतो आणि ते रुळावर चढून गाडी घसरू शकते.

टीजीआय टाकाऊ नाही. एकच पट्टा वर्षभरात किती बिघडला हे बघायला तो चांगला आहे. पण ‘इथे काम नको’ हा निर्णय त्याच्यावर सोडू नये. एका विषयात नापास झालेल्याला आपण सरासरीवर पास करत नाही. इथेही चारही आकडे सुटे बघावेत आणि सर्वांत वाईट आकड्यावरून काम ठरवावं.