मूळ संचात

नाटकाच्या जाहिरातीत 'मूळ संचात' हे दोन शब्द जाड ठशात छापलेले दिसले की तिकिटाच्या खिडकीपुढील रांग लांबते, हे नाटकधंद्यातील मंडळींस पक्के ठाऊक आहे. नाटक तेच, संवाद तेच, पदे तीच. नव्या संचातील नट कदाचित जुन्यांहून अधिक तयारीचेही असतील. तरीपण रसिकास पाहावयाची असतात ती तीच माणसे, आणि तीही एकत्र. ती माणसे मध्यंतरी भांडून, विटून किंवा केवळ कालमानाने दूर गेलेली असून पुष्कळ वर्षांनी पुन्हा एकत्र येणार असतील, तर त्या ओढीला हट्टाचा रंग चढतो. हा हट्ट मुळात कशाचा असतो, आणि तो पुरविताना कलावंताने व रसिकाने काय सांभाळावे, याचा विचार अलीकडच्या काही घटनांनी अगत्याचा करून ठेवला आहे.

माझ्यापुरते या विचाराचे निमित्त मात्र घराजवळचे आहे. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरी हे माझे गाव. माझ्या लहानपणी तेथे एक भजनी मंडळ होते आणि त्यात दोघे चुलतभाऊ जोडीने गात असत. थोरल्याने अभंग उचलावा, धाकट्याने तो वरच्या स्वरात झेलावा, आणि खंजिरीच्या ठेक्यावर सारा पार डोलू लागावा, असा त्यांचा रिवाज होता. हे मंडळ मोडले ते गाण्यावरून नव्हे, शेताच्या धुऱ्यावरून. पुढे बावीस वर्षे दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. दरम्यान कितीतरी सप्ताह झाले, बाहेरगावची चांगली चांगली मंडळे येऊन गायली, पण भजन संपवून उठताना कोणीतरी हटकून म्हणे, "ते दोघं बसले पाहिजेत." अखेर एका सप्ताहात ते बसले. त्या रात्री चूक झाली, पण ती गाणाऱ्यांची नव्हे, माझी. ती कोणती हे मी शेवटी सांगणार आहे. कारण ती मला उमगली तीच मुळी दूरदूरची उदाहरणे नजरेपुढे आल्यानंतर.

पाश्चात्त्य देशांत चार-पाच तरुणांनी मिळून गाणी रचावी, वाजवावी, गावी, आणि त्यांच्या मेळाच्या नावानेच जगाने त्यांस ओळखावे, असा प्रकार रूढ आहे. त्याला जवळचे असे आपल्याकडे काही शोधू गेल्यास ते गवयांच्या मैफलीत सापडत नाही, नाटकमंडळीत सापडते. मंडळी हे एक कुटुंबच असे आणि कुटुंबाप्रमाणेच ती फुटे. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले व गंधर्व नाटक मंडळी निघाली. १९१८ साली त्याच किर्लोस्कर मंडळीतून दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर प्रभृती निघाले आणि बळवंत संगीत मंडळी स्थापन झाली. दर फुटीबरोबर प्रेक्षकांचीही वाटणी होई. अशा काळात, ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्वांची भामिनी आणि ललितकलादर्शच्या केशवराव भोसल्यांचा धैर्यधर एकाच रंगभूमीवर उभे राहिले. हे दुरावलेल्यांचे पुनर्मीलन नव्हते, प्रतिस्पर्ध्यांचे मीलन होते. तथापि मराठी प्रेक्षकाच्या मनात एकत्र येण्याविषयी जी भूक असते, तिचा याहून मोठा दाखला नाही. पुढे तीन महिनेही पुरते लोटले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर रोजी, केशवराव अवघ्या एकतिसाव्या वर्षी वारले. त्या प्रयोगात प्रेक्षकांनी दोघांस पाहिले ते त्या दिवशी ते जसे होते तसे. दहा वर्षांपूर्वीचे केशवराव आम्हांस दाखवा, असे कोणी म्हटले नाही. रसिकाचा हट्ट बिघडतो तो नेमका येथे, म्हणजे जेव्हा तो माणसांबरोबर त्यांचे गेलेले वयही परत मागू लागतो.

या मागणीचा सर्वांत भव्य नमुना स्वीडनच्या 'अ‍ॅबा' या चौघांच्या मेळाचा होय. आग्नेता, ब्योर्न, बेनी आणि आनी-फ्रीद या चौघांच्या आद्याक्षरांचे मिळून हे नाव झाले. १९७४ च्या एप्रिलात इंग्लंडातील ब्रायटन येथे भरलेल्या युरोपीय गीतस्पर्धेत ते पहिले आले आणि पुढे त्यांची गाणी घरोघर पोहोचली. चौघांची दोन जोडपी होती. दोन्ही संसार मोडले. १९८२ च्या अखेरीस मेळही थांबला. पुन्हा एकत्र गावे म्हणून २००० सालच्या सुमारास त्यांच्यापुढे शंभर कोटी डॉलरांचा देकार आला, तो त्यांनी नाकारला. लोकांच्या स्मरणात आपण तरुण व उत्साही असेच राहावे, अशा आशयाचे उद्गार ब्योर्नने पुढे काढले होते. त्या नकारात मला एक प्रकारची शालीनता दिसते. परंतु काळाने त्या शालीनतेवरही तोड काढली. जुलै १९२१ च्या मुंबईस जे सुचणे शक्य नव्हते ते मे २०२२ च्या लंडनला साधले. तेथे खास बांधलेल्या, तीन हजार प्रेक्षक मावणाऱ्या प्रेक्षागृहात सत्तरीच्या घरातील या चौघांऐवजी त्यांच्या १९७९ सालच्या तरुण आकृती प्रचंड पडद्यावर गाऊ-नाचू लागल्या. म्हाताऱ्या चौघांनी अंगभर खुणा लावलेले पोशाख चढवून पाच आठवडे कॅमेऱ्यांपुढे हावभाव केले, आणि यंत्राने ते हावभाव तरुण देहांवर चढविले. साथीला मात्र दहा जिवंत वादक ठेवले आहेत.

हा प्रयोग मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. त्याविषयी लिहितो ते वृत्तान्तांवरून. तेथे प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी येते, हे मला खोटे वाटत नाही. कोणी म्हणेल, यात आक्षेपार्ह ते काय? बालगंधर्वांची भामिनी तरी कोठे खरी स्त्री होती? साठी उलटल्यावरही त्यांनी स्त्रीभूमिका केल्या आणि लोकांनी त्या पाहिल्याच ना? हा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. पण माझ्या मते त्याचे उत्तर त्याच्याच पोटात आहे. वृद्ध बालगंधर्व शालू नेसून उभे राहात तेव्हा थकलेला देह प्रेक्षकाला दिसत होता, आणि तरीही तो आपल्या प्रेमाने त्या देहाला तारुण्य देत होता. कोणी डोळे मिटून नुसता आवाज ऐकला असेल, कोणी मनातल्या मनात हळहळला असेल. पण ते तारुण्य प्रेक्षकाने दिलेले होते. नटाने आपले वय पुढे ठेवावे आणि प्रेक्षकाने ते पदरात घ्यावे, असा तो व्यवहार होता. त्याला क्षमा असे नाव देण्यास हरकत नाही. लंडनच्या पडद्यावर क्षमा करण्याजोगे काहीच शिल्लक ठेवलेले नाही. आणि विपरीत हे की ज्या १९७९ सालाची अखंड प्रतिमा तेथे दाखवितात, त्याच सालच्या जानेवारीत आग्नेता आणि ब्योर्न विभक्त झाल्याचे जाहीर झाले होते. आपण ज्याला मूळ संच म्हणतो, तो पुष्कळदा आतून तडकलेलाच असतो. ती तीट लावून झाकलेली आपली स्मृती असते.

याच चौघांनी ५ नोव्हेंबर २०२१ रोजी 'व्हॉयेज' नावाचा दहा गीतांचा नवा संग्रह प्रसिद्ध केला, तो मात्र मला पुन्हा पुन्हा ऐकावासा वाटतो. दोघींचे आवाज खाली उतरले आहेत आणि ते लपविलेले नाहीत. एका गीतात जुन्या प्रियकराच्या दारी परत आलेली स्त्री आहे. दुसऱ्यात घटस्फोटानंतर मुलाला त्याच्या बापाच्या हवाली करून परतणारी आई आहे. रचना सर्वच सारख्या सरस नाहीत, काही तर निव्वळ गोडघाशा आहेत. पण चाळीस वर्षे मध्ये गेली आहेत, हे त्या गीतांना ठाऊक आहे. म्हणून एकाच मंडळीने दिलेल्या या दोन भेटींपैकी पुनर्मीलन म्हणावे ते संग्रहाला. लंडनच्या प्रयोगाला स्मारक म्हणावे, आणि स्मारक म्हणून त्याचा मान ठेवावा.

याहून नाजूक प्रकरण 'बीटल्स' या चौघांचे. ते १९७० साली वेगळे झाले. जॉन लेनन १९८० साली मारला गेला, जॉर्ज हॅरिसन २००१ साली निवर्तला. लेननने घरी पियानोवर म्हणून ठेवलेले एक गीत साध्या फितीवर राहिले होते. त्याच्या पत्नीने ती फीत १९९४ साली मागे राहिलेल्यांस दिली. पण पियानोच्या गलक्यातून आवाज सुटा होईना, म्हणून तो प्रयत्न त्या वेळी सोडून द्यावा लागला. पुढे यंत्राने तो वेगळा काढला आणि २ नोव्हेंबर २०२३ रोजी 'नाऊ अँड देन' या नावाने ते गीत बाहेर आले. मेलेल्याची संमती कोणी घेतली, हा प्रश्न येथे उरतोच, आणि तो मी सोडवू शकत नाही. तथापि ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. लेननचा आवाज ऐन जवानीतला, आणि त्याला साथ देणारा पॉल मॅकार्टनी एक्याऐंशी वर्षांचा आहे. एक मित्र तेथेच थांबला, दुसरा म्हातारा झाला. दोघांमधले अंतर पुसण्याची खटपट कोणी केलेली नाही. मनाला लागते ते सुरांपेक्षा हे अंतर.

'ओअ‍ॅसिस'ची गोष्ट मराठी वाचकास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही, कारण ती निव्वळ भाऊबंदकी आहे. नोएल आणि लियम गॅलाघर हे सख्खे भाऊ २००९ साली पॅरिसमध्ये भांडून तुटले आणि ४ जुलै २०२५ रोजी वेल्समधील कार्डिफ येथे पुन्हा एका मंचावर आले. तिकिटांचे भाव मागणीबरोबर चढत गेल्यामुळे चाहत्यांत मोठी ओरड झाली आणि हे सारे पैशासाठी आहे असेही म्हटले गेले. असेल. आपल्या नाटकमंडळ्याही हवेवर जगत नव्हत्या. पैशासाठी एकत्र येण्यात पाप नाही. पैशासाठी काळ खोटा करण्यात मात्र आहे. हे दोघे भाऊ निदान आपल्या वयासह लोकांपुढे आले.

आपल्याकडे हे मर्म एका नाटकाच्या नावानेच सांगून टाकले आहे. १९९८ साली आलेले 'एका लग्नाची गोष्ट' आणि त्यातील प्रशांत दामले व कविता लाड यांची जोडी मराठी घरांत किती लाडकी झाली, हे सांगावयास नको. वीस वर्षांनी, २०१८ साली, ही जोडी पुन्हा रंगभूमीवर आली. जुनेच नाटक 'मूळ संचात' लावणे सोपे होते, आणि गर्दीही झाली असती. त्याऐवजी अद्वैत दादरकरांनी लिहून बसविलेले नवे नाटक आले: 'एका लग्नाची पुढची गोष्ट'. संसार मुरल्यानंतरचे जोडपे त्याचा विषय झाले. हे नाटक विनोदी आहे आणि त्याची झेप माफक आहे. मोठे नाटक म्हणून मी त्याची भलावण करीत नाही. परंतु नावातील 'पुढची' हा एक शब्द साऱ्या पुनर्मीलनांस कसोटी म्हणून लावण्याजोगा आहे. दामल्यांचा १२,५०० वा प्रयोग ६ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईत झाला, तो याच नाटकाचा, हे मला अर्थपूर्ण वाटते.

आता माझी चूक. सप्ताहाच्या त्या रात्री दोघे चुलतभाऊ पारावर शेजारी बसले, तेव्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पोराबाळांपर्यंत सारा गाव लोटला होता. पेटीवाल्याने काळी दोन धरली. पूर्वी ते काळी चारमध्ये गात. माझ्या कानात तीच पट्टी बसली होती. पहिला अभंग झाला, लोक तृप्त दिसले. पण मला ते बसके वाटले. मी पेटीवाल्याकडे चिठ्ठी पाठविली: जुन्या पट्टीत होऊ द्या. थोरल्याने चिठ्ठी वाचली, धाकट्याकडे पाहिले, आणि पेटी चढविण्याची खूण केली. दुसऱ्या चरणालाच धाकट्याचा आवाज फाटला. पार गप्प झाला. तेव्हा थोरल्याने खंजिरी खाली ठेवली, पेटी पुन्हा काळी दोनवर आणविली, आणि जो वरचा स्वर नेहमी धाकटा झेलीत असे तो स्वतःच्या थकलेल्या गळ्याने, अर्धाच का होईना, स्वतः उचलला. धाकट्याने खालून साथ धरली. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी असे कधीच गायिले नव्हते.

माझ्याजवळ त्यांच्या जुन्या भजनाची एक फीत आहे. तीत आवाज अधिक उंच, अधिक स्वच्छ आहेत. ती मी अजून जपून ठेविली आहे. पण त्या चिठ्ठीबद्दल त्या दोघांची क्षमा मागावयाची माझ्याकडून राहून गेली, आणि थोरला आता या जगात नाही.