‘पाटणा’वरचे दोन सुकाणी

जोसेफ कॉनरॅडची ‘यूथ’ (१८९८) ही दीर्घकथा उमेदीची म्हणून वाचली जाते, तर ‘लॉर्ड जिम’ (१९००) ही कादंबरी बदनामीची म्हणून. मला मात्र दोन्हींत एकच प्रश्न दिसतो. जहाजावर अधिकारी व्हायला निघालेल्या पोराला समुद्राची आवड नेमकी कुठे लागते, आणि ती आवड कुणाच्या उपयोगाची असते?

जिमला आवड आधी लागते, समुद्र नंतर भेटतो. सुट्टीत वाचलेल्या साहसकथांमुळे तो प्रशिक्षण जहाजावर दाखल होतो. तिथे तो हुशार ठरतो, दिशाशास्त्रात तिसरा येतो. डोलकाठीवर चढून खालच्या घरांकडे बघताना त्याला स्वतःच्या जागी पुस्तकातला नायक दिसतो. एका वादळी संध्याकाळी जवळच दोन जहाजांची टक्कर होते. बचावाची होडी निघून जाते आणि जिम डेकवर खिळून राहतो. नंतर तो स्वतःची समजूत घालतो, की आपला जन्म याहून मोठ्या संकटासाठी आहे. अभ्यासक्रम पूर्ण होतो. त्याच्या आत काय राहून गेलं, ते कुणाला कळतच नाही.

‘यूथ’मधल्या मार्लोचं उलट आहे. तो वीस वर्षांचा आहे आणि ‘जूडिया’ जहाजावर पहिल्यांदाच सेकंड मेट झालाय. जहाज कोळसा घेऊन बँकॉकला निघतं आणि गळू लागतं. दिवसरात्र पंप मारावा लागतो. दुरुस्तीसाठी कोळसा पुन्हा पुन्हा उतरवून भरला जातो. त्याचा चुरा होतो, तो भिजतो, आतून तापतो आणि भर समुद्रात पेटतो. हे कॉनरॅडनं स्वतः भोगलेलं आहे. तो सेकंड मेट असलेलं ‘पॅलेस्टाइन’ १८८३मध्ये असंच जळालं. मार्लोची आवड पंपाच्या पाळ्यांमध्ये घडते. आपण हे करू शकतो, हे हातांना कळतं आणि मग मनाला.

पण इथेही कॉनरॅड एक खडा टाकून ठेवतो. जहाज सोडल्यावर छोट्या होडीचा ताबा मिळताच मार्लोला सगळ्यांच्या पुढे जायचं असतं. हे समुद्रावरचं प्रेम की स्वतःवरचं? माझी तक्रार अशी, की ‘यूथ’ या प्रश्नापाशी थांबत नाही. बावीस वर्षांनी मार्लो हे सांगतोय, ऐकणारे आता वकील, हिशेबनीस आणि कंपन्यांचे संचालक झालेत, मद्याची बाटली फिरतेय. स्मरणरंजनात प्रश्न विरघळून जातो.

‘लॉर्ड जिम’ तो पुन्हा उकरून काढते. ‘पाटणा’ जहाजावर आठशे यात्रेकरू झोपलेत आणि जहाज बुडणार असं वाटतंय. गोरे अधिकारी होडीतून पळतात आणि शेवटी जिमही उडी मारतो. जहाज बुडतच नाही. (१८८०च्या ‘जेद्दा’ जहाजाची खरी घटना यामागे आहे.) त्या रात्री दोन मलय सुकाणी मात्र चक्र धरून उभे राहतात. चौकशीत कारण विचारल्यावर एक सांगतो, की त्याच्या मनात काहीच आलं नाही. म्हातारा सुकाणी म्हणतो, गोऱ्यांचं काहीतरी गुपित कारण असेल असं त्याला वाटलं.

‘अ पर्सनल रेकॉर्ड’मध्ये कॉनरॅडनं स्वतःच्या परीक्षा वर्णन केल्या आहेत. एक परीक्षक काल्पनिक जहाजावर संकटामागून संकट लादत जातो, उमेदवाराकडचे उपाय संपेपर्यंत. माझ्या क्षेत्रातल्या मुलाखती तशाच असतात: सर्व्हर पडला, आता काय? बॅकअपही गेला, मग? यातून उमेदवाराला काय येतं हे कळतं. तो जागेवर राहील का, हे कळत नाही. आणि तरी हल्ली आम्हाला आधी विचारतात, तुमची पॅशन काय? जिमनं या प्रश्नाचं फर्मास उत्तर दिलं असतं.

पण कॉनरॅडलाही अखेर जिमच हवा असतो. बंदरामागून बंदर बदलत (त्यात मुंबईही आली) स्वतःपासून पळणाऱ्या या माणसाला अख्खी कादंबरी मिळते. सुकाण्यांना मिळतो साक्षीपुरता मजकूर, आणि आठशे यात्रेकरूंपैकी कुणाला नावही मिळत नाही. ज्यांच्या जिवावर जिमची परीक्षा झाली, त्यांना ती रात्र कशी गेली, हे कादंबरी विचारत नाही. पुन्हा वाचताना मी जिमची घालमेल भराभर उलटतो आणि त्या साक्षीपाशी थांबतो.