एक विहीर, दोन स्मारके

बिठूरचे दर्शन आपल्यातील अनेक जुन्या घराण्यांना तीर्थयात्रेइतकेच जवळचे वाटते. राज्य गेल्यावर दुसरे बाजीराव तेथे राहिले. नानासाहेब तेथेच वाढले. तिकडे निघालेली आपली मंडळी वाटेत कानपूरच्या नानाराव पार्कमध्ये थांबतात, तात्या टोपे यांच्या पुतळ्याला वंदन करतात, छायाचित्रे काढतात. आम्हीही हेच केले. परंतु आपण कोणत्या भूमीवर उभे आहोत, हे आम्ही मुलांना सांगितले नाही.

१५ जुलै १८५७ रोजी येथील बीबीघरात कोंडून ठेवलेल्या सुमारे दोनशे युरोपीय स्त्रिया व मुलांची कत्तल झाली. प्रेते, आणि काही जिवंत देहही, शेजारच्या विहिरीत टाकले गेले. पहाऱ्यावरील शिपायांनी हे काम नाकारले, म्हणून कसाई आणावे लागले. हुकूम नेमका कोणाचा, यावर इतिहासकारांचे एकमत नाही; ती माणसे नानासाहेबांच्या कैदेत होती, एवढे मात्र निर्विवाद आहे.

इंग्रजांचा सूडही तसाच अमानुष होता. फाशी देण्यापूर्वी बीबीघरातील वाळलेले रक्त कैद्यांना जिभेने चाटायला लावावे, असा नील या सेनाधिकाऱ्याचा हुकूम होता. पुढे विहिरीवर मारोचेत्ती या शिल्पकाराचा संगमरवरी देवदूत उभा राहिला, भोवती बाग झाली आणि इंग्रज प्रवाशांच्या हिंदुस्थान-दर्शनात या स्थळाला मानाचे स्थान मिळाले. हिंदी माणसाला परवान्यावाचून आत जाता येत नसे. शिलालेखात नानासाहेबांचे नाव होते. नीलच्या फाशांचा उल्लेख नव्हता.

स्वातंत्र्यानंतर देवदूत तेथून हलवून चर्चच्या आवारात नेला गेला, विहीर बुजवली गेली आणि बागेला नानासाहेबांचेच नाव दिले गेले. पूर्वी जे नाव दोषारोपासाठी कोरले होते, तेच आता गौरवासाठी आले. बाग तीच, प्रवासी निराळे.

अत्याचाराच्या जागी लोकांनी सहलीला जाऊ नये, असे आम्ही म्हणणार नाही. लोक जातात म्हणूनच अशा जागा स्मरणात राहतात. आमचा आक्षेप आहे तो घरून नेलेलीच समजूत जशीच्या तशी परत आणण्याला. इंग्रज प्रवासी तेथे आपला राग घेऊन गेला आणि राग घेऊनच परतला. आपण अभिमान घेऊन जातो आणि अभिमानच घेऊन परततो. विहिरीतल्या मुलांची आणि फासावर गेलेल्या माणसांची आठवण एकाच वेळी करण्याची तयारी कोणाचीच नसते.

राज्यकर्त्यांच्या मुलांसाठी आपण का हळहळावे, असे कोणी विचारील. मुलांनी राज्य केले नव्हते, एवढेच आमचे उत्तर. तात्यांना वंदन अवश्य करावे. त्याने स्वातंत्र्याच्या लढ्याला काही उणेपणा येत नाही. मात्र त्यानंतर मुलांना घेऊन त्या बुजलेल्या विहिरीपाशी थोडा वेळ थांबावे आणि दोन्ही हकिगती सांगाव्यात. पेशव्यांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या घराण्यांवर हे कर्तव्य इतरांपेक्षा अधिक आहे.